वादग्रस्त कंपनीवरचा विश्वकोशातला लेख: किती लिहायचं, कुठे लिहायचं, कोणत्या शब्दांत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मोबाइल ॲपवरून छोटी कर्जं देणाऱ्या एका कंपनीवर विकिपीडियात लेख आहे. कंपनीची नियामकाकडून चौकशी चालू आहे आणि तिच्या वसुलीच्या पद्धतींवर वृत्तपत्रांनी मालिका छापल्या आहेत. एक संपादक पहिल्याच वाक्यात ‘फसवणूक करणारी कंपनी’ असं लिहितो, दुसरा ते उलटवून ‘आघाडीची वित्ततंत्रज्ञान कंपनी’ करतो. खाली ‘वाद’ नावाचा विभाग आहे आणि तो फुगत फुगत लेखाच्या निम्म्याहून मोठा झाला आहे. आता कंपनीच्या जनसंपर्क विभागातून लिहीत असल्याचं सांगणारी एक व्यक्ती चर्चा पानावर आली आहे. ती म्हणते, हा सगळा विभाग काढा, नाहीतर वकिलाची नोटीस येईल. लेख ठेवायचा का, ठेवला तर वाद कुठे आणि किती लिहायचा, आणि या व्यक्तीशी कसं वागायचं, असं तुम्ही विचारता.

माझं मत आधी सांगते. तुमच्या लेखाचं दुखणं त्या ‘वाद’ नावाच्या विभागात आहे. तो विभाग मोडा. त्यातला नीट संदर्भ असलेला मजकूर पुसू नका, तो कंपनीच्या इतिहासात आणि कामकाजात जिथे घडला तिथे नेऊन बसवा. आणि कशाला किती जागा द्यायची ते संपादकांच्या मतावर सोडू नका. ज्यांचा कंपनीशी देण्याघेण्याचा संबंध नाही अशा चांगल्या स्रोतांनी त्या गोष्टीला किती जागा दिली आहे ते पाहा. मी बारा-तेरा वर्षं मुख्यतः कंपन्यांवरच्या लेखांवर काम करते आहे, आणि चिघळलेल्या बहुतेक लेखांत मला हेच दोन घोटाळे दिसले आहेत.

लेख असावा का, हा भाग लवकर संपतो. कंपनी मोठी आहे, तिचे लाखो ग्राहक आहेत, तिचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, यातलं काहीच उल्लेखनीयतेला, म्हणजे विकिपीडियावर स्वतंत्र लेख असण्याच्या निकषाला, पुरत नाही. कंपनीबाहेरच्या लोकांनी, स्वतःच्या बुद्धीने, कंपनीवर सविस्तर लिहिलेलं असलं पाहिजे, आणि असं लेखन एकाहून अधिक ठिकाणी हवं. भांडवल उभं केल्याच्या बातम्या, नवे अधिकारी नेमल्याच्या बातम्या, पुरस्कार, शाखांची उद्घाटनं हे सगळं मोजणीतून वगळायचं, कारण त्यातलं बहुतेक कंपनीच्याच प्रसिद्धिपत्रकातून आलेलं असतं. तुमच्या कंपनीवर वृत्तपत्रांच्या शोधमालिका आहेत, म्हणजे लेखाला आधार आहे. पण एखाद्या कंपनीवर सगळं मिळून एकाच घटनेबद्दल लिहिलं गेलं असेल, तर लेख त्या घटनेवर असावा किंवा त्या व्यवसायावरच्या मोठ्या लेखात दोन परिच्छेद असावेत. मथळा कंपनीचा आणि आत फक्त एक गुन्हा, असा लेख वाचकाला ती कंपनी काय करते हेही सांगत नाही.

आता स्रोत. इथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं. एक ओळही लिहिण्याआधी मी धूळपाटीवर (सदस्याच्या कच्च्या कामाच्या पानावर) तक्ता करते: तारीख, कोणी छापलं, लेखकाचं नाव आहे का, मजकुराचा मूळ उगम कुठला, कंपनीवर किती ओळी, त्यातल्या वादावर किती. उगमाचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. एकाच वृत्तसंस्थेची बातमी वीस वृत्तपत्रांनी जशीच्या तशी छापली, तर तो एकच स्रोत आहे. वीस संदर्भ लावल्याने आरोप वीसपट खरा होत नाही, आणि कौतुकही नाही. ‘प्रायोजित’, ‘ब्रँड’, ‘भागीदार मजकूर’ अशी बारीक अक्षरातली सूचना पानाच्या तळाशी आहे का ते पाहा. काही नामवंत प्रकाशनांच्या संकेतस्थळांवर बाहेरच्या लोकांना जवळजवळ संपादनाविना लिहू देतात. फोर्ब्सचं उदाहरण घ्या. तिथल्या पत्रकारांनी लिहिलेलं आणि ‘काँट्रिब्यूटर’ म्हणून आलेलं यांत इंग्रजी विकिपीडिया काटेकोर फरक करतो आणि दुसऱ्या प्रकारचं साधारणपणे विश्वासार्ह धरत नाही. कंपनीच्या बाजूने लावलेले बरेच संदर्भ या चाळणीत गळून पडतात.

विरोधी बाजूचे संदर्भही तितक्याच काटेकोरपणे चाळा. समाजमाध्यमांवरच्या ग्राहकांच्या तक्रारी, माजी कर्मचाऱ्यांचे निनावी अभिप्राय, कुणाच्या तरी हाती लागलेली तक्रारअर्जाची प्रत, हे संदर्भ म्हणून चालत नाही, ते वाचून आपलं रक्त कितीही उसळलं तरी. न्यायालयीन कागदपत्रांचा मोह सगळ्यात मोठा असतो, कारण ती अधिकृत दिसतात. पण फिर्यादीत फिर्यादीची बाजू असते आणि आरोपपत्रात तपास यंत्रणेची. त्यातून आपणच वेचक वाक्यं उचलून लेख रचला तर तो आपला निष्कर्ष होतो, आणि विश्वकोशात मूळ संशोधनाला जागा नाही. ती कागदपत्रं वाचून, दुसरी बाजू विचारून एखाद्या पत्रकाराने किंवा अभ्यासकाने लिहिलं, की मग ते घ्या. यात उशीर होतो. अन्याय होताना दिसतो आणि लिहिता येत नाही, हे मला आजही जड जातं. तरीही आरोप पहिल्यांदा उजेडात आणण्याचं काम वृत्तपत्राचं आहे. त्याच्याकडे वकील असतात, संपादक असतात, दुसऱ्या बाजूला फोन करायची सोय असते. आपल्याकडे यातलं काही नाही.

तक्ता पुरा झाला की जागेचं प्रमाण बरंचसं आपोआप दिसतं. तीन वेगळ्या जातीच्या कंपन्या डोळ्यांसमोर ठेवा. फोक्सवॅगन १९३७ साली सुरू झाली. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तिच्या डिझेल गाड्यांतल्या चाचणी चुकवणाऱ्या सॉफ्टवेअरवर बोट ठेवलं, आणि जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांचा प्रश्न निघाला. प्रकरण प्रचंड होतं, पण कंपनीचा इतिहास त्याच्याहून कितीतरी लांब आहे. म्हणून त्या प्रकरणावर स्वतंत्र लेख, आणि मुख्य लेखात त्याचा नेटका सारांश. थेरानोसचं उलट आहे. २००३ साली स्थापन झालेल्या या कंपनीच्या रक्तचाचणीच्या दाव्यांवर ऑक्टोबर २०१५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने प्रश्न उभे केले, २०१८ मध्ये कंपनी गुंडाळली गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये संस्थापक एलिझाबेथ होम्स गुंतवणूकदारांच्या फसवणुकीत दोषी ठरल्या. स्वतंत्र स्रोतांनी या कंपनीवर जे लिहिलं आहे त्याचा गाभाच ही फसवणूक आहे. तिथे ‘समतोल’ म्हणून निम्मा लेख उत्पादनांच्या वर्णनाला दिला तर तो लेख खोटं बोलेल. तिसरी जात म्हणजे तुमच्यासारखी: तरुण कंपनी, लेखन थोडं, त्यातलं बरंच वादाबद्दल, आणि निकाल अजून लागलेला नाही. ही सगळ्यात अवघड, कारण प्रमाण दर सहा महिन्यांनी बदलतं.

तटस्थपणा म्हणजे दोन्ही बाजूंना सारख्या ओळी, असा समज पक्का बसलेला आहे आणि कंपन्यांचे प्रतिनिधी त्याचाच आधार घेतात. ‘तुम्ही पाच वाक्यं आरोपांना दिली, आता पाच आमच्या सामाजिक उपक्रमांना द्या.’ ही देवाणघेवाण मान्य करू नका. सामाजिक उपक्रमांवर कुणी स्वतंत्रपणे लिहिलं असेल तर त्याला त्याच्या वजनाइतकी जागा मिळेल. नसेल तर मिळणार नाही. आरोपावर कंपनीने दिलेलं उत्तर मात्र नेहमी त्याच ठिकाणी, आरोपाला लागून द्या. ते वेगळं हक्काचं आहे.

आता ‘वाद’ हा विभाग का मोडायचा ते. एकदा असं शीर्षक बनलं की ते माशांसाठी गूळ ठेवल्यासारखं होतं. ज्याला जी बातमी दिसेल ती तो तिथे आणून टाकतो: एका शाखेतली बाचाबाची, एका जाहिरातीवरची टीका, एका अधिकाऱ्याचं वादग्रस्त वक्तव्य. कुणी वजन करत नाही, कारण शीर्षकानेच परवानगी दिलेली असते. दुसरा तोटा असा की वरचा भाग आपोआप गुळगुळीत होतो. ‘इतिहास’मध्ये वाढ, विस्तार, भांडवल, आणि ज्या वसुलीच्या पद्धतीवर तो विस्तार उभा राहिला असं स्रोत म्हणतात ती पद्धत तीन पानं खाली, कारणांपासून तुटलेली. वाचकाला एकाच कंपनीच्या दोन गोष्टी वाचायला मिळतात आणि त्या एकमेकींना भेटत नाहीत. वसुलीच्या तक्रारी ‘कर्जव्यवहाराची पद्धत’ या विभागात लिहा, जिथे व्याजदर, मुदत आणि वसुलीचं वर्णन आहे. नियामकाची चौकशी ‘इतिहास’मध्ये तिच्या वर्षावर लिहा. एखादं प्रकरण खरोखर मोठं असेल तर त्याला त्याच्या विषयाचं नाव द्या: ‘वसुली पद्धतींची चौकशी’. ‘वाद’, ‘टीका’, ‘काळी बाजू’ अशी सरसकट नावं नकोत. इंग्रजी विकिपीडियावरही टीकेचे असे वेगळे कप्पे करण्याबद्दल सावधगिरीचाच सल्ला दिला जातो, आणि अनुभवाने तो मला पटला आहे. हा विभाग मोडला की साधारण एक तृतीयांश मजकूर कुठेच बसत नाही, असं दिसतं. तो मुळात लेखात असायलाच नको होता.

यापुढचा भाग मला सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे: शब्द. मराठीत या विषयावर लिहिताना आपण वृत्तपत्रांची भाषा नकळत उचलतो आणि ती निकाल देऊन मोकळी होते. ‘घोटाळा’ हा शब्द पाहा. बातमीच्या मथळ्यात तो हिशेबातल्या चुकीपासून ठरवून केलेल्या लुटीपर्यंत काहीही असतो. अनियमितता, गैरव्यवहार, अफरातफर, फसवणूक हे चार वेगळे शब्द आहेत आणि त्यांची जबाबदारी वेगळी आहे. अनियमितता म्हणजे नियम पाळला नाही, हेतूबद्दल काही म्हटलेलं नाही. अफरातफर म्हणजे दुसऱ्याचा विश्वासाने हाती आलेला पैसा वळवला. स्रोताने ज्याला अनियमितता म्हटलं त्याला आपण अफरातफर म्हटलं, तर लेखात एक नवा आरोप जन्माला येतो आणि त्याला संदर्भही लावलेला असतो.

प्रक्रियेच्या पायऱ्यांचंही तसंच. ‘कारणे दाखवा’ नोटीस, गुन्हा दाखल, अटक, जामीन, आरोपपत्र, आरोपनिश्चिती, दोषसिद्धी, शिक्षा, अपील. यातली नेमकी कोणती पायरी झाली आहे तीच लिहा. ‘गुन्हा दाखल झाला’ याचा अर्थ गुन्हा घडला असा वाचकाच्या मनात सहज होतो, म्हणून कोणी, कोणाविरुद्ध, कोणत्या तक्रारीवरून, हे त्याच वाक्यात यावं. ‘क्लीन चिट’ हा शब्द मी लेखातून नेहमी काढते. चौकशी थांबली, पुरावा अपुरा ठरला, आरोप फेटाळले आणि निर्दोष मुक्तता झाली या चार गोष्टी त्याच्या एकाच पांघरुणाखाली जातात. कंपनीने दंड भरून किंवा रक्कम देऊन तडजोड केली, आणि दोष कबूल केला नाही, तर दोन्ही गोष्टी सांगा. एकच सांगितली तर वाक्य खरं असूनही वाचकाची दिशाभूल होते.

क्रियापदांवर तर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. वृत्तपत्राने ‘उघड केलं’ असं म्हटलं की आपण ती गोष्ट खरी मानली. ‘आरोप केला’ म्हटलं की मानली नाही. ‘लिहिलं’, ‘नमूद केलं’ ही मधली, सुरक्षित क्रियापदं आहेत. कंपनीच्या बाजूला नेहमी ‘दावा केला’ आणि टीकाकारांच्या बाजूला नेहमी ‘निदर्शनास आणलं’ अशी जोडी दिसली की समजा, लिहिणाऱ्याने बाजू घेतली आहे, कदाचित त्यालाही ते कळलेलं नाही. ‘तथाकथित’ वापरू नका, त्यात हिणवणं आहे. ‘कथित’ चालेल, पण प्रत्येक नामाआधी नको. तसं केलं तर सगळाच मजकूर संशयित वाटू लागतो. आणि ‘मात्र’. ‘कंपनीने आरोप नाकारले. मात्र ग्राहकांच्या तक्रारी सुरूच आहेत.’ या एका शब्दाने कंपनीचा नकार खोटा ठरवला. दोन वाक्यं नुसती शेजारी ठेवा, वाचक शहाणा आहे.

कौतुकाच्या बाजूचे शब्दही तितकेच तपासा: आघाडीची, अग्रगण्य, नावीन्यपूर्ण, दूरदृष्टीचे संस्थापक, क्रांती घडवली. संस्थापकाच्या नावामागे ‘श्री.’ आणि पुढे ‘साहेब’ असलेले परिच्छेद मी पाहिले आहेत, आणि त्याच लेखात तक्रारदार ग्राहक एकेरीत होते. आदरार्थी बहुवचन सगळ्यांना सारखं लावा, आरोपींनासुद्धा.

तुमच्या पहिल्या वाक्याचं काय? कंपनी काय आहे ते सांगा: ‘ही मोबाइल उपयोजनाद्वारे अल्पमुदतीची वैयक्तिक कर्जे देणारी वित्तीय कंपनी आहे’, पुढे स्थापनेचं वर्ष आणि मुख्यालय. ‘फसवणूक करणारी’ नको, कारण तसं कुणी ठरवलेलं नाही. ‘आघाडीची’ नको, कारण ते विशेषण कंपनीचं स्वतःचं आहे. पण चौकशी प्रस्तावनेत यायलाच हवी. प्रस्तावना हा लेखाचा सारांश असतो, आणि तुमच्या तक्त्यात स्वतंत्र स्रोतांचा निम्म्याहून जास्त मजकूर वसुलीबद्दल असेल तर तो सारांशातून वगळणं ही बाजू घेणंच झालं. दोन वाक्यं पुरेत: तक्रारी कशाबद्दल, चौकशी कोणी कधी सुरू केली, कंपनी काय म्हणते. प्रस्तावनेतल्या प्रत्येक शब्दाला खालच्या मजकुरात संदर्भासह आधार असला पाहिजे. लोक तेवढंच वाचतात आणि भांडणंही तिथेच होतात.

निकाल लागलेला नसताना काय लिहायचं, याचा विचार करताना मी दोन प्रकरणं आठवते. पहिलं वायरकार्डचं. या जर्मन कंपनीच्या हिशेबांवर फायनान्शियल टाइम्सने २०१५ पासून प्रश्न विचारले. २०१९ च्या सुरुवातीला त्यांनी तिच्या सिंगापूर कार्यालयाबद्दल गंभीर वृत्तं दिली. तेव्हा जर्मन नियामक बाफिनने फेब्रुवारीत या समभागाच्या शॉर्ट सेलिंगवर, म्हणजे भाव पडेल या अंदाजाने उसने समभाग विकण्यावर, दोन महिने बंदी घातली आणि पुढे एप्रिलमध्ये त्या वृत्तपत्राच्या पत्रकारांविरुद्धच फौजदारी तक्रार केली. जून २०२० मध्ये कंपनीच्या ताळेबंदातले १.९ अब्ज युरो अस्तित्वातच नसावेत हे समोर आलं आणि काही दिवसांत तिने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. आता २०१९ च्या मेमध्ये लेख लिहिणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवा. सरकारी यंत्रणा कंपनीच्या बाजूने उभी दिसते आहे. ‘अधिकृत’ म्हणून तेवढंच ठेवून वृत्तपत्राचं काढून टाकलं असतं तर लेख चुकला असता. ‘कंपनीने हिशेब बनावट केले’ असं ठाम लिहिलं असतं तर त्या दिवशी त्याला आधार नव्हता. वृत्तपत्राने काय लिहिलं, कंपनीने काय उत्तर दिलं, नियामकाने काय केलं, हे तिघांच्या नावाने आणि तारखेने लिहिलेला परिच्छेद मात्र त्या दिवशीही बरोबर होता आणि आजही आहे.

दुसरं प्रकरण उलट्या दिशेचं. नोव्हेंबर १९८६ मध्ये अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीच्या ‘६० मिनिट्स’ कार्यक्रमाने ऑडी ५००० ही गाडी आपोआप वेग घेते असं दाखवलं. लोक हादरले. ऑडीची तिथली वार्षिक विक्री १९८५ मधल्या सुमारे ७४ हजारांवरून १९९१ मध्ये सुमारे १२ हजारांवर आली. १९८९ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेच्या अहवालाने निष्कर्ष काढला की अशा बहुतांश घटनांत चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला होता. १९८७ साली ऑनलाइन विश्वकोश असता तर त्यात काय लिहिलं गेलं असतं, याची मला काळजी वाटते. तिथेही नाव आणि तारीख घालून लिहिलेला परिच्छेद टिकला असता. फक्त अहवालानंतर तो पुन्हा लिहावा लागला असता, आणि निष्कर्ष शेवटी चिकटवून चाललं नसतं, तो सुरुवातीला आणावा लागला असता.

इथे मराठी विकिपीडियापुरती एक गोष्ट सांगायलाच हवी. आपले कंपन्यांवरचे कितीतरी लेख इंग्रजीवरून अनुवादित झालेले असतात. अनुवाद करणारा त्या दिवशीचा आरोप आणतो आणि निघून जातो. इंग्रजीत पुढे निकाल येतो, परिच्छेद बदलतो. मराठीत ‘चौकशी सुरू आहे’ हे वाक्य वर्षानुवर्षं तसंच राहतं. मी स्वतः असा एक लेख अनुवादित केला होता. कंपनीवरचे आरोप न्यायालयाने फेटाळल्यानंतर तीन वर्षांनी मला ते एका वाचकाने चर्चा पानावर कळवलं. तीन वर्षं तो लेख माझ्या नावाने चुकीचा होता आणि ती चूक माझीच होती. तेव्हापासून चालू प्रकरणाबद्दलच्या वाक्यात मी महिना आणि वर्ष घालते, ‘मार्च २०२५ मधील वृत्तानुसार’ असं, आणि लेख माझ्या निरीक्षणसूचीत ठेवते, म्हणजे त्यातले बदल मला कळत राहतात. अनुवाद करताना मूळ संदर्भ उघडून वाचा. दुसऱ्या भाषेतला विकिपीडिया हा विकिपीडियासाठी स्रोत होऊ शकत नाही.

व्यक्तींबद्दल थोडक्यात: संस्थापक किंवा मुख्य अधिकारी सार्वजनिक व्यक्ती आहेत, त्यांच्यावर चांगले स्रोत असतील तर नाव येईल. वसुली करणारा कर्मचारी, शाखेचा व्यवस्थापक, तक्रार करणारा ग्राहक यांची नावं वृत्तपत्रांनी छापलेली असली तरी घेऊ नका. विश्वकोशातलं पान त्या माणसाला आयुष्यभर शोधून काढत राहतं. जिवंत व्यक्तीबद्दलचं संदर्भ नसलेलं वाईट विधान दिसलं तर चर्चेची वाट न पाहता लगेच काढा.

कंपनीतून आलेल्या व्यक्तीबद्दल तुमचा सूर मला जरा कडवट वाटला, आणि तो का आहे ते मी समजू शकते. इतिहासच तसा आहे. ऑगस्ट २००७ मध्ये व्हर्जिल ग्रिफिथ यांनी विकिस्कॅनर नावाचं साधन आणलं, त्यातून निनावी संपादनं कोणत्या संस्थेच्या संगणक-जाळ्यातून झाली ते दिसू लागलं. मतदान यंत्रं बनवणाऱ्या डीबोल्डच्या जाळ्यातून त्या यंत्रांवरच्या टीकेचे परिच्छेदच्या परिच्छेद काढले गेले होते. २०१३ मध्ये पैसे घेऊन विकिपीडियावर लेख लिहून देणाऱ्या विकी-पीआर या संस्थेशी जोडलेली अडीचशेहून जास्त खाती बंद करावी लागली. त्यानंतर जून २०१४ पासून वापराच्या अटींतच आलं की मोबदला घेऊन संपादन करणाऱ्याने आपला मालक, ग्राहक आणि संबंध जाहीर केला पाहिजे. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने ३८१ खाती एकदम बंद केली. ती खाती चालवणाऱ्या टोळीतले लोक नाकारले गेलेले मसुदे हेरून संबंधितांकडे पैसे मागत होते. तुम्हाला किंवा त्या कंपनीला कुणी ‘पैसे द्या, लेख सांभाळतो’ म्हणालं तर ते लगेच प्रचालकांना, म्हणजे खाती रोखण्याचे अधिकार असलेल्या सदस्यांना, कळवा.

पण तुमच्याकडे आलेली व्यक्ती नाव सांगून, चर्चा पानावर आली आहे. तिने लेखाला हात लावलेला नाही. हे योग्य वागणं आहे, आणि त्याचा मान ठेवा. तिला नेमकेपणाने सांगा: ‘हा सगळा विभाग काढा’ ही विनंती मान्य होणार नाही, कोणतं वाक्य, त्यात काय चूक, आणि बरोबर काय हे सांगणारा स्वतंत्र स्रोत कोणता, असं एकेक मांडा. काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या प्रतिनिधीने माझ्यासमोर नऊ मागण्या ठेवल्या. पाच नुसती सफाई होती. एक अर्धवट बरोबर होती. तीन अगदी बरोबर होत्या: दंडाची रक्कम आम्ही चुकीची लिहिली होती, एक प्रकरण त्याच नावाच्या दुसऱ्याच कंपनीचं होतं, आणि अपिलाचा निकाल राहून गेला होता. त्या तिन्ही त्याच संध्याकाळी दुरुस्त केल्या. मजकूर मात्र कंपनीने लिहून दिलेला जसाच्या तसा उचलू नका. २०१३ मध्ये बीपी या तेल कंपनीच्या प्रतिनिधीने स्वतःची ओळख उघडपणे सांगून चर्चा पानावर मसुदे दिले होते, नियम मोडला नव्हता. तरी लेखाचा सुमारे ४४ टक्के मजकूर कंपनीकडून आल्याचा आरोप काही संपादकांनी केला आणि मोठी खळबळ झाली. माहिती घ्या, वाक्यं तुमची असू द्या.

हितसंबंध फक्त कंपनीच्या बाजूलाच असतात असंही समजू नका. ‘फसवणूक करणारी’ लिहिणारा संपादक कोण आहे? तो त्या कंपनीकडून पोळलेला कर्जदार असू शकतो, नोकरी गेलेला कर्मचारी असू शकतो, प्रतिस्पर्ध्याचा माणूसही असू शकतो. त्याची ओळख शोधायला जाऊ नका, तसं करणं नियमबाह्य आहे आणि धोक्याचंही. त्याला तोच प्रश्न विचारा जो कंपनीला विचारलात: कोणतं वाक्य, कोणता स्रोत. दोघांची उलटवाउलटवी थांबत नसेल तर पान काही दिवस सुरक्षित करण्याची, म्हणजे संपादनासाठी बंद ठेवण्याची, विनंती करा, दोन पर्यायी मसुदे चर्चा पानावर शेजारी शेजारी ठेवा आणि चावडीवर, म्हणजे सगळ्या संपादकांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, सूचना द्या. आपल्याकडे सक्रिय संपादक थोडे, म्हणून दोन लोकांच्या एकमताला ‘सहमती’ म्हणायची घाई होते. दोन आठवडे थांबा. ज्याने या लेखाला आजवर हात लावला नाही असा एक तरी माणूस तो मसुदा वाचू दे.

राहिली वकिलाची नोटीस. इंग्रजी विकिपीडियावर कायदेशीर कारवाईची धमकी देणाऱ्या सदस्याला धमकी मागे घेईपर्यंत संपादनापासून रोखण्याची पद्धत आहे, कारण धमकीखाली मोकळी चर्चा होत नाही. तुम्ही मात्र स्वतः तिला कायदेशीर उत्तर देऊ नका, ‘करा खटला’ असंही म्हणू नका. प्रचालकांना कळवा आणि विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या कायदा विभागाला ईमेल करा. ही भीती पोकळ नाही, हे मी मान्य करते. जुलै २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने तिच्यावरच्या लेखातला मजकूर बदनामीकारक असल्याचं सांगत विकिमीडिया फाउंडेशनविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला आणि २ कोटी रुपयांची भरपाई मागितली. लेख संपादित करणाऱ्यांची माहितीही मागितली गेली. त्या खटल्यावर लिहिलेलं वेगळं पान ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयाच्या आदेशामुळे उतरवावं लागलं, आणि ९ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते उतरवण्याचा आदेश रद्द केला. वादाचं मूळ तिथेही लेखातल्या वर्णनाच्या शब्दांत आणि ते कोणाच्या आधारावर लिहिलं यात होतं.

म्हणून आज रात्री एवढं करा. ‘वाद’ विभागातलं एकेक वाक्य घ्या, त्याचा संदर्भ उघडा आणि वाक्यात जे आहे ते तिथे खरोखर छापलेलं आहे का ते पाहा. नसेल ते आजच काढा आणि काढल्याचं कारण संपादन सारांशात लिहा. त्या व्यक्तीला उद्या उत्तर द्या, आणि त्यात पहिल्यांदा काय दुरुस्त केलंत ते सांगा. मग उरलेल्या वाक्यांचा तक्ता धूळपाटीवर ठेवून मला दुवा पाठवा, आपण ती कुठे बसवायची ते एकत्र पाहू.